टॅम डोंगर आणि मुलींचे बूट

सायकल चालवताना आपलं अंग सायकलला किती ठिकाणी टेकलेलं असतं, कधी मोजलंय? दोन हात मुठींवर, दोन पाय पायडलवर आणि एक बैठक. झाली पाच ठिकाणं! खडबडीत उतार आला की आपण सीटवरून उठतो. मग उरली चार. मुठी कशा, ब्रेक कसे, गिअर किती, यावर आपण तासन्‌तास बोलतो. पण पायात काय घालायचं हे कुणी विचारतच नाही. असेल ती चप्पल, असतील ते बूट!

आज आपण एका डोंगरावर जाणार आहोत. तिथे गेलं की हा प्रश्न आपोआप पडतो. आईबाबांनाही बरोबर घ्या बरं का, कारण शेवटी बुटांचे पैसे त्यांनाच द्यायचे आहेत!

वाकड्यातिकड्या रेल्वेचा डोंगर

अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर, कॅलिफोर्निया राज्यात सॅन फ्रान्सिस्को शहर आहे. तिथला नारिंगी रंगाचा गोल्डन गेट पूल तुम्ही चित्रात नक्की पाहिला असेल. १९३७ साली तो खुला झाला. हा पूल ओलांडून उत्तरेला गेलं की मरिन नावाचा जिल्हा लागतो. तिथे उभा आहे माउंट टॅमलपायस. नाव जरा लांबलचक आहे, म्हणून तिथले लोक त्याला लाडाने नुसतं ‘टॅम’ म्हणतात.

टॅमची उंची सुमारे ७८४ मीटर, म्हणजे साधारण आपल्या माथेरानएवढी. पायथ्याशी रेडवूडची आभाळाला भिडणारी झाडं आहेत. माथ्यावरून एकीकडे प्रशांत महासागर दिसतो, तर दुसरीकडे सॅन फ्रान्सिस्कोचा उपसागर. तिथला पाऊसही आपल्या उलट! तो हिवाळ्यात पडतो. उन्हाळा कोरडा जातो, पण समुद्रावरून धुक्याचे लोटच्या लोट येतात.

माथेरानसारखीच या डोंगरावरही एके काळी रेल्वे होती. मिल व्हॅली गावातून १८९६ साली ती सुरू झाली. वर पोचेपर्यंत किती वळणं असावीत? तब्बल २८१! ‘जगातली सर्वांत वाकडीतिकडी रेल्वे’ अशी तिची जाहिरात होई. १९३० साली ती बंद पडली आणि रूळ काढून टाकले गेले. मागे उरला तो कच्चा, हलक्या चढाचा रस्ता. आज तो चालणाऱ्यांचा आणि सायकलवाल्यांचा लाडका आहे. वाटेत वेस्ट पॉइंट इन नावाची १९०४ सालची जुनी पांथशाळा अजून उभी आहे.

ग्रीस जळाली आणि खेळ जन्मला

टॅमच्या शेजारीच फेअरफॅक्स नावाचं छोटं गाव आहे. १९७०च्या दशकात तिथल्या काही तरुणांना एक वेड लागलं. १९३०-४० सालच्या, जाड टायरच्या जुनाट सायकली ते भंगारातून शोधून आणत आणि डोंगरावरून भरधाव खाली सोडत. या सायकलींना मागच्या चाकात एकच ब्रेक असे. पायडल उलटं दाबलं की तो लागायचा. जवळच्या पाइन माउंटनवरचा एक उतार इतका तीव्र, की ब्रेक दाबून दाबून आतली ग्रीस तापून जळून जाई. प्रत्येक फेरीनंतर ती नव्याने भरावी लागे. ‘पुन्हा भरणे’ याला इंग्रजीत म्हणतात ‘रिपॅक’. म्हणून त्या उताराचं नावच पडलं रिपॅक!

२१ ऑक्टोबर १९७६ रोजी तिथे पहिली शर्यत झाली. पुढच्याच वर्षी, १९७७ साली, जो ब्रीझ याने खास डोंगरासाठी नवीकोरी सायकल बनवायला घेतली. ती आता अमेरिकेच्या राष्ट्रीय संग्रहालयात ठेवलेली आहे. आज आपल्या गल्लीबोळांत जी ‘माउंटन बाइक’ दिसते ना, तिची ही जन्मकथा.

त्या वेळचे फोटो पाहाल तर गंमत वाटेल. अंगात जीन्स, जाड शर्ट आणि पायात कामावर घालायचे जडशीळ बूट. या खेळासाठी वेगळे बूट असतात, हेच कुणाला माहीत नव्हतं. मग मुलींचे बूट कुठून असणार?

मुली होत्याच की!

मुली मात्र पहिल्यापासून होत्या. वेंडी क्रॅग त्या मुलांबरोबर रिपॅकवरून सायकल हाणत असे. एवढंच नाही, तर ती कॅमेराही बरोबर नेई. त्या दिवसांचे फोटो आज आपल्याला दिसतात, त्यात तिचा वाटा फार मोठा आहे. १९८० साली या खेळाचं पहिलं मासिक निघालं, ते चालवणाऱ्यांत डेनिस कॅरमॅनो होती. आणि जॅकी फेलन तर १९८३, १९८४ व १९८५ अशी सलग तीन वर्षं अमेरिकेची राष्ट्रीय विजेती ठरली. पुढे तिने बायका-मुलींसाठी एक मंडळ काढलं. नाव काय, माहीत आहे? ‘स्त्रियांचं डोंगरी सायकल आणि चहा मंडळ’! इंग्रजी आद्याक्षरं अशी जुळवली, की शब्द झाला ‘वॉम्बॅट्स’. वॉम्बॅट म्हणजे ऑस्ट्रेलियातला एक गुबगुबीत प्राणी. पहिल्यांदाच डोंगरावर आलेल्या मुलीला कुणी हसू नये, तिला धीर यावा, हा त्या चहामागचा हेतू.

तरीही वाट सोपी नव्हती. युटा राज्यातल्या लाल कड्यांवरून उड्या मारत उतरायची ‘रॅम्पेज’ ही प्रसिद्ध स्पर्धा पुरुषांसाठी २००१ साली सुरू झाली. स्त्रियांचा गट तिथे यायला २०२४ साल उजाडलं. न्यूझीलंडची रॉबिन गूम्स ही त्या गटाची पहिली विजेती.

पायडल आणि तळ यांची मैत्री

आता मुद्द्याचं. डोंगरी सायकलची पायडलं दोन तऱ्हेची असतात. एका प्रकारात बुटाच्या तळाला लोखंडी पट्टी असते आणि ती खटकन पायडलमध्ये अडकते. दुसरा प्रकार सपाट पायडलांचा. पाय नुसता वर ठेवायचा, भीती वाटली की झटकन जमिनीवर टेकायचा. शिकणाऱ्यांना म्हणूनच सपाट पायडल बरं पडतं. उड्या मारणारे कसलेले खेळाडूसुद्धा बहुधा तेच पसंत करतात.

पण मग पाय निसटत का नाही? नीट पाहा. अशा पायडलवर बारीक बारीक धातूच्या पिना वर आलेल्या असतात. बुटाचं रबर मऊ आणि चिकट असेल, तर पिना त्यात किंचित रुततात आणि पाय घट्ट बसतो. रबर टणक असेल तर पाय घसरतो, पायडल गर्रकन फिरतं आणि पिना नडगीवर येऊन आपटतात. आई गं! दुखतं ते चार दिवसांत बरं होतं. पण मनात बसलेली भीती लवकर जात नाही. पुढच्या वेळी ती मुलगी सायकल उतारावर नेतच नाही, आणि बघणारे म्हणतात, “हे मुलींचं कामच नाही!” चूक खरं तर कुणाची? बुटाच्या तळाची!

या चिकट रबराची गोष्टही कॅलिफोर्नियातलीच. चार्ल्स कोल नावाच्या गिर्यारोहकाने १९८५ साली ‘फाइव्ह टेन’ हा बुटांचा कारखाना सुरू केला. कातळ चढताना पाय सुटू नये, म्हणून तिथे खास रबर बनलं. पुढे तेच सायकलवाल्यांच्या तळाला आलं. कातळाला धरतं, ते पायडललाही धरतं!

चला बुटांच्या दुकानात

आता ताईसाठी, आईसाठी किंवा तुमच्यासाठी बूट निवडायचे आहेत, असं समजा. मग काय काय पाहाल?

आधी बूट उलटा करा. तळ सपाट हवा, त्यावरची नक्षी उथळ हवी. ट्रेकिंगच्या बुटाला खोल खाचा असतात. त्यांच्यात पिना नीट बसत नाहीत. पण सायकल ढकलत चढ चढायची वेळही येतेच, म्हणून चवड्याच्या पुढे आणि टाचेला थोड्या खाचा असाव्यात.

मग बूट हातात धरून वाकवा. धावायच्या बुटासारखा मऊ असेल तर पायडलचा दाब तळव्याला टोचतो. लाकडासारखा ताठ असेल तर पायाखालचं पायडल कळत नाही. या दोन्हींच्या मधला घ्या. बोटांच्या पुढचा भाग दाबून पाहा. दगड आपटला तर बोटं वाचतील इतका तो टणक हवा.

आता सर्वांत महत्त्वाचं. ‘लेडीज’ असं लिहिलंय, रंग गुलाबी आहे, एवढ्यावर भुलू नका. पुरुषांचाच बूट लहान करून त्याला नुसता रंग दिला, असंही होतं. बाईच्या पायाची टाच बऱ्याचदा चवड्याच्या मानाने अरुंद असते. अशा वेळी पुढे ठीक बसणारा बूट मागे ढिला पडतो. उलट एखादीचा पाय रुंद असतो, तिला पुरुषांचा बूटच छान बसतो. म्हणून डब्यावरचं नाव वाचू नका, पायाला विचारा! अमेरिकन मापात बायकांचा आणि पुरुषांचा आकडा वेगळा असतो, तेव्हा पाय सेंटिमीटरमध्ये मोजून नेणं उत्तम.

खरेदीला संध्याकाळी जा. दिवसभरात पाय किंचित सुजतो. सायकलवर घालायचे तेच मोजे घाला. दोन्ही पायांत बूट चढवा, नाड्या बांधा आणि एखाद्या पायरीच्या कडेवर चवड्यावर उभ्या राहा. टाच बुटातून उचलली जाते का? घोट्याला कड टोचते का? पुढे अंगठ्याच्या रुंदीएवढी जागा उरली तर माप बरोबर.

आईबाबांना एक विनंती. “वाढता पाय आहे, दोन नंबर मोठे घेऊ, पुढे कापूस भरू,” असं आपल्याकडे सर्रास चालतं. दादाचे जुने बूटही धाकटीच्या वाट्याला येतात. शाळेत ते खपून जातं. उतारावर मात्र ढिल्या बुटात पाय हलला, की पायडलवर त्याची जागा चुकते. बूट महाग असतात हे खरं. पण महागड्या नावापेक्षा योग्य माप आणि योग्य तळ जास्त मोलाचा. शाळेत सायकलने जायचं असेल, तर सपाट रबरी तळाचे साधे कॅनव्हासचे बूटही पुरतात. पिनांच्या पायडलांवरून डोंगर उतरायचा असेल, तेव्हाच खास बुटांचा खर्च करा.

आणि हो, उजव्या बाजूला चेन असते. नाडीचं टोक लोंबत राहिलं तर ती ओढून घेते! ते आत खोचायला विसरू नका. आपल्या पावसात बूट भिजले, तर आत वर्तमानपत्राचे बोळे भरून सावलीत वाळवा. चुलीजवळ ठेवाल तर तळाचा डिंक सुटेल.

डोंगराचे नियम

टॅमवर सगळ्या वाटा सायकलींना मोकळ्या नाहीत. बऱ्याच अरुंद पायवाटा चालणाऱ्यांसाठी राखलेल्या आहेत. पाणलोटाच्या जंगलातल्या रुंद कच्च्या रस्त्यांवर ताशी १५ मैलांची, म्हणजे सुमारे २४ किलोमीटरची वेगमर्यादा आहे. पुढचं न दिसणाऱ्या वळणावर आणि कुणाला ओलांडताना तर फक्त ५ मैल! ज्या भागात हा खेळ जन्मला, तिथेच असे कडक नियम. पण त्यामुळेच आजी-आजोबा, घोडेस्वार आणि सायकलवाल्या मुली एकाच डोंगरावर सुखाने फिरू शकतात.

फेअरफॅक्समध्ये २०१५ साली सायकलींचं संग्रहालय सुरू झालं. तिथे त्या जाड टायरच्या जुन्या सायकली मांडून ठेवल्या आहेत. कधी गेलात तर जरूर पाहा. तोवर आपला सह्याद्री आहेच! मोठ्या माणसांना बरोबर घ्या, हेल्मेट घाला, नाड्या खोचा. आणि निघण्याआधी तुमच्या ताईला विचारा बरं, “ताई, बूट नीट बसतात ना गं?” ती ‘हो’ म्हणाली, तर उतारावर तिला गाठणं तुम्हाला जड जाईल, सांगून ठेवतो!