पोहोच

बँकेत नोकरी करणाऱ्या माणसाला सोसायटीचा सेक्रेटरी करायचं, हा आपल्याकडचा अलिखित पोटनियम आहे. ‘तुम्ही काय, दिवसभर कागदांतच असता!’ असं म्हणून आमच्या सोळा बिऱ्हाडांनी मला बिनविरोध निवडून दिलं. मी बी.कॉम. आहे एवढंच त्यांना ठाऊक. कितव्या खेपेला झालो ते कोणी विचारलं नाही.

आमची डोंबिवलीची इमारत 1989 सालची. वय झालं की माणसाची साखर तपासतात, इमारतीचं स्ट्रक्चरल ऑडिट करतात. पोटनियम सांगतो, इमारत 15 ते 30 वर्षांची असेल तर 5 वर्षांतून एकदा आणि पुढे दर 3 वर्षांनी. ऑडिटला आलेल्या पोरसवदा इंजिनिअरने चहाचा घोट घ्यायच्या आतच विचारलं, “आरसीसीचे नकाशे?”

“नसले तर?”

“तर हातोडा आपटून अंदाज घेईन, जागोजाग प्लास्टर फोडून सळया बघेन. नकाशे म्हणजे पेशंटचे जुने रिपोर्ट असतात हो, काका.”

पंचेचाळिशीत ‘काका’ ऐकावं लागलं, ते गिळून मी सोसायटीची पत्र्याची ट्रंक उघडली. इमारत बांधून झाली की बिल्डरकडून काय काय मोजून घ्यायचं असतं त्याची यादी मी आधी वहीत उतरवली होती: मंजूर नकाशे, बांधकाम सुरू करायचा दाखला, भोगवट्याचा दाखला, आरसीसीचे नकाशे, नळांचे आणि ड्रेनेजचे नकाशे, पंपाची गॅरंटी आणि अभिहस्तांतरणाचा दस्त. ट्रंकेत निघालं ते असं: 1994 च्या गणपतीचा जमाखर्च, टाकी धुणाऱ्याची बिलं, गच्चीवर पापड वाळत घालू नयेत अशा नऊ नोटिसा आणि उंदराचं एक प्रशस्त बिऱ्हाड. नकाशा एकच होता. तो महाबळेश्वरचा, सोसायटीच्या सहलीच्या वेळचा.

“आप्पांकडे असतील,” बायको दबक्या आवाजात म्हणाली.

आप्पा म्हणजे तिसऱ्या मजल्यावरचे, सोसायटीचे पहिले सेक्रेटरी. वय 82. 2008 च्या सर्वसाधारण सभेत भांडण होऊन ते उठून गेले, आणि दप्तरही त्यांच्याबरोबर गेलं. तेव्हापासून कमिटीतलं कोणी त्यांच्याशी बोलत नाही. मीसुद्धा जिन्यात भेटले की पायऱ्या मोजायचो.

मी बेल वाजवली. दार उघडलं.

“आप्पा, ते आरसीसीचे नकाशे...”

“आहेत.”

“मग इतकी वर्षं दिले का नाहीत?”

“अरे, सभेत घेऊनच आलो होतो! म्हटलं, यादीप्रमाणे मोजून घ्या नि पोहोच द्या. तर अध्यक्ष म्हणतात, ‘आप्पा, आमच्यावर विश्वास नाही का?’ सही करायला ज्याला लाज वाटते त्याच्या हाती सोळा घरांचे कागद देऊ?”

माझ्यातला कारकून गहिवरला. आमच्या शाखेत दोऱ्याने बांधलेल्या पेनचीसुद्धा नोंद असते. त्यातून बँकेच्या काही वह्या 5 वर्षं ठेवायच्या, काही 8 वर्षं. इमारतीचा कागद मात्र इमारत उभी असेपर्यंत ठेवायचा, हे आप्पांना कोणत्याही परिपत्रकाशिवाय कळलं होतं.

त्यांनी कपाट उघडलं. काकूंच्या जुन्या नऊवारीत गुंडाळून, डांबराच्या गोळ्या घालून सगळे नकाशे ठेवलेले. “हे अमोनिया प्रिंट आहेत, उजेडात फिके पडतात,” ते म्हणाले. लुगड्याची घडी त्यांनी पुन्हा नीट घातली आणि परत कपाटात ठेवली. काकूंना जाऊनही बरीच वर्षं झाली होती. यादीत 37 कागद होते. मी दोन तास बसून एकेकावर खूण केली आणि सही ठोकली. आप्पांनी पोहोच दोनदा वाचून खिशात घातली आणि म्हणाले, “बस आता. चहा टाकतो.”

दुसऱ्या दिवशी इंजिनिअरने नकाशा आमच्या टेबलावर पसरला, चार कोपऱ्यांवर चार वाट्या ठेवल्या आणि बोट फिरवत फिरवत आमच्या स्वयंपाकघरात शिरला.

“इथे सी-सात कॉलम आहे.”

“इथे फ्रिज आहे.”

“फ्रिजच्या मागे हो!”

चार वर्षांपूर्वी घेतलेला फ्रिज कोपऱ्यात मावेना, म्हणून गवंड्याकडून मी ‘भिंतीचा फुगवटा’ तासून घेतला होता. मी तसं सांगितलं.

“सळया नाही दिसल्या?”

“दिसल्या ना. दोन. गवंडी म्हणाला, जास्तीच्या असतील.”

इंजिनिअरने चहाचा कप खाली ठेवला. मग त्याने शांतपणे समजावलं: तो खांब आमच्या पहिल्या मजल्यावरून सरळ वर जातो. त्याच्यावर दोन स्वयंपाकघरं आहेत, त्यांतलं वरचं आप्पांचं. ज्यांच्याशी मी बोलत नव्हतो त्यांचा आदल्या दिवशीचा चहा माझ्या फ्रिजमागच्या खांबावर उकळला होता! रात्री मला झोप लागली नाही. छताकडे बघत पडून राहिलो.

सकाळीच टेकू लागले. मग खांबाला नव्या सळया आणि काँक्रीटचं जाकीट चढलं, अर्थात माझ्या खर्चाने. अनधिकृत फेरफाराबद्दल सेक्रेटरीच्या सहीची नोटीस मी स्वतःला दिली. फ्रिज हॉलमध्ये आला. पाहुणे त्याला शोकेस समजतात. सगळे नकाशे स्कॅन करून एक प्रत बँकेच्या लॉकरात ठेवली.

काम संपल्यावर आप्पा काठी टेकत दोन मजले उतरून आले. त्यांनी खांबावर हात फिरवला, दुरुस्तीचा नकाशा चष्मा लावून पाहिला.

“हा यादीत चढव. अनुक्रमांक 38.”

“चढवतो, आप्पा.”

“आणि माझी प्रत दे.”

मी प्रत दिली. ते वळले, तेवढ्यात मी म्हटलं, “आप्पा, पोहोच?”

आयुष्यात पहिल्यांदा मी त्यांना हसताना पाहिलं. मग त्यांनी सही केली, तारखेसकट.