आमची पद्मिनी, आण्णा आणि सहा प्रश्न

आमच्या घरी १९८२ सालची प्रीमियर पद्मिनी आहे. क्रीम रंग, गिअरचा दांडा स्टिअरिंगलाच, आणि पुढे तिघं दाटीवाटीनं बसतील अशी सलग सीट. आजोबांनी, म्हणजे आमच्या आण्णांनी, ती बेळगावात असताना घेतली. त्या काळी गाडीसाठी नंबर लावून वाट बघावी लागायची. पुढे कुटुंब बेंगळुरूला आलं, तशी गाडीही आली.

सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली सुरू केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यात ही गाडी बनायची. मुंबईची काळी-पिवळी टॅक्सी म्हटलं की डोळ्यांसमोर येते ती हीच. ऑक्टोबर २०२३ मध्ये पद्मिनी टॅक्सी मुंबईच्या रस्त्यावरून गेली, तेव्हा आण्णांनी ती बातमी दोनदा वाचली होती.

आमच्या गाडीनं गेल्या वर्षी एक विचित्र खोड काढली. थंड असली की एका चावीत सुरू. वीस-पंचवीस मिनिटं चालली, की आचके देऊन बंद. अर्धा तास थांबलं की पुन्हा सुरू, जणू काही झालंच नव्हतं.

मेकॅनिकनं आधी प्लग बदलले, मग कॉइल, मग पेट्रोल पंप. त्याचंही चूक म्हणता येणार नाही. जुन्या गाड्यांत उन्हाळ्यात पाइपातल्या पेट्रोलची वाफ होऊन इंजिन बंद पडतं, हे खरंच आहे. पण तीन बिलांचे मिळून अकरा हजार झाले आणि खोड तशीच राहिली.

मग एप्रिलमध्ये भर दुपारी होसूर रोडवर गाडी बंद पडली. आजी तासभर रस्त्याच्या कडेला उन्हात उभी. त्या रात्री बाबा म्हणाले, "बस झालं." भंगारवाल्याशी बोलणं झालं. तो सोमवारी येणार होता. वजनावर भाव.

आण्णा काहीच बोलले नाहीत. त्यांनी चावी बाबांसमोर टेबलावर ठेवली आणि आत गेले. चाळीस वर्षं स्वतःच्या हातानं ते इंजिन उघडलेला माणूस. पण हात थरथरायला लागल्यापासून त्यांना कुणी काही विचारतच नव्हतं. मला गाडीपेक्षा त्याचं जास्त वाईट वाटलं.

मी बी.ए. इंग्लिश, कंटेंट रायटर. विजेशी संबंध मोबाइल चार्ज करण्यापुरता. पण मधे शनिवार-रविवार होता. मी आण्णांना म्हटलं, "तुम्ही सांगा, मी करते."

ते बराच वेळ माझ्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "आधी एक दिवा आण."

शनिवारी एस.पी. रोडवरून बारा व्होल्टचा छोटा बल्ब, दोन वायरी आणि क्लिपा आणल्या. जे.सी. रोडवरच्या स्पेअर पार्टच्या दुकानातून एक फीलर गेज. एवढीच आमची हत्यारं.

आण्णांनी आधी कागदावर चित्र काढलं. बॅटरीचे बारा व्होल्ट चावीतून कॉइलमध्ये जातात. कॉइलची दुसरी वायर डिस्ट्रिब्युटरमधल्या पॉइंटपर्यंत जाते. पॉइंट म्हणजे उघडझाप करणारा चिमुकला स्विच. तो मिटला की कॉइलमधून करंट वाहतो. तो उघडला की करंट तुटतो आणि त्याच क्षणी कॉइलमध्ये हजारो व्होल्ट तयार होतात. तीच प्लगची ठिणगी. पॉइंटला जोडलेला कंडेन्सर पॉइंट जळू देत नाही आणि करंट झटकन तोडायला मदत करतो.

"जुने मेकॅनिक डिस्ट्रिब्युटरला डेल्को म्हणतात," आण्णा म्हणाले. मी नंतर शोधलं. अमेरिकेत चार्ल्स केटरिंग यांनी ही पद्धत रुळवली. त्यांच्या कंपनीचं नाव डेटन इंजिनिअरिंग लॅबोरेटरीज कंपनी, त्याचं लघुरूप डेल्को. शंभर वर्षांपूर्वीचं ते नाव आपल्याकडच्या गॅरेजांत अजून ऐकू येतं.

रविवारी सकाळी गल्लीत गाडी सुरू करून ठेवली. दोष गरम झाल्यावरच दिसतो, म्हणून गाडी बंद पडायची वाट बघायची. आण्णा स्टिअरिंगवर, मी बॉनेटपाशी. त्यांच्या सूचना कडक होत्या: गाडी न्यूट्रलमध्ये, हँडब्रेक ओढलेला, ओढणी आणि केस पंख्यापासून लांब, जवळपास पेट्रोल सांडलेलं नको, आणि कॉइलच्या जाड वायरीला उघडा हात लावायचा नाही. सव्विसाव्या मिनिटाला इंजिन थांबलं. आम्ही चक्क खूश झालो!

"आता एका वेळी एकच प्रश्न," आण्णा म्हणाले. "आणि उत्तर फक्त हो किंवा नाही."

पहिला प्रश्न: ठिणगी आहे का? कॉइलची जाड वायर डिस्ट्रिब्युटरच्या टोपीतून काढली. इन्सुलेशनवाल्या पकडीत धरून तिचं टोक इंजिनच्या लोखंडापासून पाच-सहा मिलिमीटरवर ठेवलं. आण्णांनी स्टार्टर मारला. ठिणगी नाही. म्हणजे बंद पडण्याचं कारण पेट्रोल नव्हतं. नवा पंप उगाच बसवला होता.

दुसरा: कॉइलपर्यंत करंट येतो का? दिव्याची एक क्लिप गाडीच्या बॉडीला, दुसरी कॉइलच्या चावीकडच्या टोकाला. दिवा लागला. बॅटरी, चावी, तिथवरच्या वायरी ठीक.

तिसरा: कॉइलच्या दुसऱ्या टोकाला दिवा लुकलुकतो का? स्टार्टर मारताना पॉइंट उघडझाप करतो, म्हणून दिवाही तसाच लुकलुकायला हवा. तो लागलाच नाही.

चौथा: कॉइल आतून तुटली आहे का? डिस्ट्रिब्युटरकडे जाणारी वायर कॉइलवरून काढली. त्याच टोकाला दिवा लागला. कॉइल धडधाकट. म्हणजे करंट पुढे कुठेतरी बॉडीला टेकून वाया जात होता.

पाचवा: तो पॉइंटमधून जातो का? वायर परत जोडली, डिस्ट्रिब्युटरची टोपी उघडली. पॉइंटच्या मधे घालायला कागद हवा होता. आण्णांनी पाकिटातून त्यांचं नोकरीतलं जुनं व्हिजिटिंग कार्ड काढून दिलं. कार्ड मधे असल्यावर पॉइंटमधून करंट जाऊ शकत नाही, दिवा लागायला हवा. लागला नाही.

सहावा: कंडेन्सर? त्याची वायर सोडली. तरीही अंधार.

आता उरली होती एकच गोष्ट. डिस्ट्रिब्युटरच्या भिंतीतून आत पॉइंटपर्यंत जाणारी बोटभर वायर.

मी टॉर्च मारला. भिंतीतून वायर आत जाते तिथे तिचं कव्हर कडक होऊन तडकलं होतं. आतलं तांबं दिसत होतं. थंड असताना ते कडेपासून केसभर दूर राहायचं, गरम झालं की टेकायचं. काठीनं वायर जराशी बाजूला सरकवली आणि दिवा लागला.

"सापडलं!" मी एवढ्या जोरात ओरडले की शेजारचे काका गॅलरीत आले.

नवी वायर आणि उष्णता सहन करणारी नळी मिळून खर्च शंभर रुपयांच्या आत. कंडेन्सर परत जोडला. पॉइंट साफ केला, फीलर गेजनं त्याची फट मोजून लावली. ती साधारण अर्ध्या मिलिमीटरच्या आतली गोष्ट, थरथरत्या हातांना जमणारी नाही. स्क्रू मी फिरवला, कान आण्णांचे होते. "अजून जरा... थांब. आता बरोबर." इंजिनाचा आवाज एकसारखा झाला, तो मलाही कळला.

दुपारी आजीला घेऊन आम्ही मुद्दाम होसूर रोडनंच गेलो. पाऊण तास, त्यातला बराच वेळ सिग्नलवर. गाडी थांबली ती आजीनं नारळपाणी हवं म्हटल्यावर. "अहो, आधीच तपासलं असतंत तर माझं ऊन वाचलं असतं," आजी म्हणाली.

"मला विचारलं कुणी?" आण्णा म्हणाले. ते हसत होते, पण मागच्या सीटवर बाबा गप्प झाले.

तुमच्या घरीही जुनी गाडी, मिक्सर किंवा शिलाई मशीन असेल, तर पार्ट बदलण्याआधी एक दिवा आणि हो-नाहीचे सहा प्रश्न वापरून बघा. आणि ते यंत्र ज्यांनी आयुष्यभर हाताळलं, त्यांना शेजारी खुर्ची देऊन बसवा. हात थकले तरी त्यांना कुठे काय बघायचं ते माहीत असतं.

रविवारी रात्री बाबांनी भंगारवाल्याला फोन करून येऊ नका म्हणून सांगितलं. मग आण्णांच्या खोलीच्या दारात उभे राहिले. "आण्णा, मागचे टायर जुने झालेत. कुठले घ्यावेत, तुम्हाला काय वाटतं?"

आण्णांनी चष्मा शोधायला सुरुवात केली.