वुजूखान्यातला गिझर

आमच्या मोहल्ल्यातल्या मशिदीचा गिझर शंभर लिटरचा आहे आणि त्याला आता बारा वर्षं झाली. एका मरहूम बुजुर्गांच्या नावाने त्यांच्या मुलांनी तो दिला. नावाची छोटी पाटी गिझरच्या शेजारीच भिंतीवर आहे. तशा पाट्या आमच्याकडे पंख्यांवर आहेत, कूलरवर आहेत, घड्याळावरही आहेत. पण पंख्याचं बेअरिंग बदललं म्हणून कुणाच्या नावाची पाटी लागलेली मी अजून पाहिली नाही. म्हणूनच नव्या वस्तूला एका जुम्यात चंदा जमतो आणि दुरुस्तीला दोनशे रुपये मागितले की लोक चपला शोधायला लागतात.

गेल्या हिवाळ्यात पाणी कोमट यायला लागलं. कमिटीत एकच सूर, “सर, पुराना हो गया, नया-च ले लेंगे.” दोन-तीन तरुणांचं म्हणणं त्याहून सोपं. थंड पाण्याने वुजू केला तर सवाब जास्त, गिझर हवाच कशाला? पंचविशीत असं बोलायला काही लागत नाही. मराठवाड्यातल्या जानेवारीत, फजरच्या वेळी, संधिवाताने सुजलेल्या बोटांवर टाकीचं पाणी घेणाऱ्या चाचांना विचारा. त्यातले दोघं तर थंडीत फजर घरीच पढायला लागले होते.

मी शाळेत उर्दू आणि मराठी शिकवतो. दोन्ही लिपी येतात म्हणून मशिदीच्या हिशेबाची वही माझ्याकडे आहे. मी एवढंच म्हणालो की आधी उघडून बघू. माझा एक जुना विद्यार्थी आता इलेक्ट्रिशियन आहे, त्याला बोलावलं. त्याने मेन बंद केला, टाकी रिकामी केली आणि खालची झाकणी काढली. कॉइल दिसतच नव्हती. तिच्यावर चुन्यासारखा पांढरा थर चढला होता आणि टाकीच्या तळातून अर्धी बादली गाळ निघाला.

आपलं बोअरचं पाणी जड आहे. पाणी तापलं की त्यात विरघळलेले क्षार वेगळे होऊन सगळ्यात गरम जागी, म्हणजे कॉइलवर बसतात. थराखाली उष्णता कोंडते, कॉइल जास्त तापते, थर्मोस्टॅट लवकर तुटतो आणि पाणी कोमटच राहतं. असंच चालू ठेवलं तर कॉइल जळते. आम्ही ती कोमट पाण्यात सायट्रिक अ‍ॅसिड, म्हणजे किराणा दुकानातलं लिंबूसत्व, घालून बुडवून ठेवली. संध्याकाळपर्यंत तांबं दिसायला लागलं. टाकीला मात्र लोखंडी काही लावू दिलं नाही. आतल्या काचेसारख्या लेपाला तडा गेला की तिथूनच गंज धरतो.

खरी गोष्ट पुढे होती. आत मॅग्नेशियमची एक कांडी असते, तिला अ‍ॅनोड रॉड म्हणतात. पाणी टाकीचा पत्रा खायला बघतं, त्याऐवजी ही कांडी स्वतःला खाऊ देते. आमच्या कांडीची नुसती तार उरली होती. बारा वर्षांत ती कुणी बदललीच नव्हती. टाकी गळली नव्हती हे नशीब. टाकी गळली तर मग दुरुस्तीचा हट्ट धरू नये, नवाच घ्यावा. नवी कांडी, नवं गॅसकेट आणि मजुरी मिळून नव्या गिझरच्या किमतीचा दहावा हिस्साही लागला नाही. दाब वाढला तर पाणी सोडणारा वरचा व्हॉल्व्ह अडकला होता, तोही बदलला. अर्थिंग तपासून घेतलं आणि गळत्या विजेला लगेच तोडणारा स्विच बसवला. ओल्या फरशीवर अनवाणी बसणाऱ्या माणसांच्या बाबतीत तिथे काटकसर चालत नाही.

मग वेळेचा प्रश्न. गिझर रात्रभर चालूच राहायचा. शंभर लिटर पाणी वीस अंशांवरून साठवर न्यायला साधारण पावणेपाच युनिट लागतात आणि आमच्या तीन किलोवॅटच्या कॉइलला दीड तासाहून थोडं जास्त. म्हणजे अजानच्या दोन तास आधी लावला तरी पुरतं. मोअज्जिन साहेबांनी ते मनावर घेतलं. साठच्या वर मात्र नेत नाही, कारण क्षार आणखी वेगाने बसतात. फार खालीही ठेवत नाही, साठलेल्या कोमट पाण्यात जंतू वाढतात.

आता दर तीन महिन्यांनी खालचा गाळ सोडायचा आणि वर्षातून एकदा कांडी बघायची, असं वहीच्या मागच्या पानावर दोन्ही भाषांत लिहून ठेवलंय. पुढच्याच पानावर ‘मरम्मत’ असा नवा रकाना आहे. त्यात आतापर्यंत तीनच नावं आली आहेत. एक त्या इलेक्ट्रिशियनचं, त्याने निम्मी मजुरी परत केली. एक फजरला पुन्हा यायला लागलेल्या चाचांचं. तिसरं, ज्यांची पाटी भिंतीवर आहे त्यांच्या धाकट्या मुलाचं.