एव्हरीवन

बाबांच्या ऑफिसात सात कॉम्प्युटर आहेत. आठवा कोपऱ्यातला जुना डेस्कटॉप. त्याला सगळे ‘सर्व्हर’ म्हणतात आणि दसऱ्याला त्याला हार घालतात. त्याच्यावर ‘डेटा’ नावाचं एकच शेअर्ड फोल्डर. परमिशनमध्ये एकच नाव: एव्हरीवन, फुल कंट्रोल.

मार्चमध्ये पगाराच्या शीटचा फोटो कुणीतरी ग्रुपवर टाकला. मग मला बोलावणं आलं. सीएच्या ऑफिसात कॉम्प्युटर इंजिनिअर म्हणजे घरचाच माणूस, फुकटातला.

सरांनी कागदावर यादी दिली. पगाराच्या फोल्डरपुढे दोनच नावं, सर आणि त्यांचा मुलगा. बाबा तिथे बावीस वर्षं आहेत. मी यादी दोनदा वाचली आणि खिशात टाकली.

डोमेन वगैरे काही नव्हतं, म्हणून सर्व्हरवर प्रत्येकाचं अकाउंट काढलं, ज्याच्या-त्याच्या पीसीवरचंच नाव आणि पासवर्ड देऊन. विंडोजमध्ये कुलपं दोन असतात. एक शेअरिंगचं, दुसरं सिक्युरिटी टॅबमधलं. नेटवर्कवरून येणाऱ्याला दोन्हींतलं जे कडक असेल ते लागू होतं. बरेच जण नुसतं फोल्डरच्या नावापुढे डॉलरचं चिन्ह लावून लपवतात. ते कुलूप नव्हे, तो पडदा. नाव माहीत असलेला माणूस सरळ आत जातो.

घाईत मी ‘युजर्स’ ग्रुपला डिनाय टिक केलं. पाच मिनिटांत सरांची हाक, “अरे, मलाच उघडत नाहीये!” सरही युजर्समध्येच येतात, आणि डिनाय अलाऊला ऐकत नाही. पोरकट चूक. डिनाय काढलं, वरून आलेल्या परमिशन तोडल्या, युजर्स आणि एव्हरीवन दोन्ही उडवले आणि दोन नावं ठेवली. ते करताना शीट दिसलीच. तीन वर्षांपूर्वी लागलेल्या मुलाचा पगार बाबांपेक्षा जेमतेम दोन हजारांनी कमी.

मग तपासायला बाबांच्याच टेबलाशी गेलो.

“बाबा, ‘पगार’ उघडा जरा.”

त्यांनी चष्मा वर सारला, डबल क्लिक केलं. मेसेज पूर्ण वाचला. बाबा सगळे मेसेज पूर्ण वाचतात.

“परमिशन नाही म्हणतंय.”

“हां. बरोबर चाललंय मग.”

“बरं,” म्हणाले, आणि व्हाउचर लावायला लागले.

घरी येताना स्कूटरवर मागून म्हणालो, “शीट दिसली मला.”

“दिसणारच. सरांचा मुलगा येईपर्यंत मीच करायचो ती दर महिन्याला.”

म्हणजे सगळे आकडे त्यांना ठाऊक होते. माझ्या इंजिनिअरिंगची फी भरताना, हॉस्टेलचे पैसे पाठवताना, सगळे. सिग्नल सुटला, पुढे काही बोललो नाही.

दुसऱ्या दिवशी अकराला त्यांचा फोन आला. स्कॅनर कागद स्कॅन करतोय, पण फाईल कुठेच येत नाहीये. स्कॅनचं फोल्डरही डेटामध्येच होतं, आणि स्कॅनरला अकाउंट द्यायचं मी विसरलो होतो.

“सरांना अजून बोललो नाहीये,” बाबा हळू आवाजात म्हणाले. “तू आधी बघ.”