परतीची तारीख

लंडनमध्ये पुस्तकांचा तुटवडा आहे असं म्हणणारा माणूस एकतर खोटं बोलतो किंवा मराठी वाचतो. मराठी वाचणाराही तसं अर्धंच खरं बोलतो. सेंट पँक्रस स्टेशनाला लागून असलेल्या ब्रिटिश लायब्ररीत जुन्या मराठी पुस्तकांचा साठा एवढा आहे, की जे. एफ. ब्लूमहार्ट यांनी मराठी आणि गुजराती पुस्तकांची छापील सूची १८९२ सालीच काढली होती. तेव्हा हा साठा ब्रिटिश म्युझियमच्या ताब्यात होता. हिंदुस्थानात छापलेल्या पुस्तकांची नोंद करायला लावणारा कायदा १८६७चा. त्या नोंदींतून निवडून पुस्तकं लंडनला मागवली जात. म्हणजे मुद्रणाच्या पहिल्या पिढ्यांचं कितीतरी मराठी इथे तळघरात नीट सांभाळलेलं आहे. वाचनकक्षात बसा, पेनाऐवजी पेन्सिलीने टिपणं काढा आणि उठताना पुस्तक परत देऊन जा. घरी नेता येत नाही. पुस्तक शहरात आहे, पण रात्री उशाशी नाही. मग उणीव आहे तरी कशाची? पुस्तक हातात ठेवून ‘पंधरा दिवसांनी आणून द्या’ असं सांगणाऱ्या माणसाची. वाचनाची सवय पुस्तकांच्या संख्येवर टिकत नाही, परतीच्या तारखेवर टिकते, असं माझं म्हणणं आहे. (परदेशात राहणाऱ्याच्या तोंडी ‘परतीची तारीख’ हे शब्द आले की गावाकडचे कान टवकारतात. इथे विषय पुस्तकांचाच आहे.)

आपल्याकडची रीत आठवून पाहा. अमरावतीचं नगर वाचनालय काय किंवा अकोल्याचं बाबूजी देशमुख वाचनालय काय, या एकोणिसाव्या शतकापासूनच्या संस्था. १८५३मध्ये वऱ्हाड निजामाकडून इंग्रजांच्या कारभारात आलं, पुढच्या दशकात अमेरिकेतल्या यादवीने आपल्या कापसाला भाव आणला, रेल्वे बडनेऱ्यापर्यंत पोचली, आणि कचेऱ्या-शाळांच्या मागोमाग वाचनालयं उभी राहिली. १९२३च्या संक्रांतीला विदर्भ साहित्य संघ स्थापन झाला तोही अमरावतीतच. वाचनालयांचं सगळं यंत्र मात्र एका कागदावर चालायचं: पुस्तकाच्या शेवटच्या पानावर डिंकाने चिकटवलेली तारखांची चिठ्ठी. जांभळ्या शाईचा रबरी शिक्का, तारखा कधी सरळ, कधी तिरक्या, एखादी उलटीच उमटलेली. चिठ्ठी नीट वाचली तर ती पुस्तकाइतकंच सांगते. रहस्यकथेच्या चिठ्ठीवर दर पंधरवड्याला शिक्का, शेजारच्या निबंधसंग्रहाच्या चिठ्ठीवर दोन शिक्क्यांमध्ये अकरा वर्षं. एखाद्या जाड कादंबरीचे एप्रिल-मे दाटीवाटीने भरलेले, कारण परीक्षा संपलेल्या, पारा पंचेचाळिसाकडे, दुपारी दाराबाहेर पाय टाकायची सोय नाही आणि कूलरसमोर लोळताना हातात काहीतरी हवं. चिठ्ठी भरली की तिच्यावर दुसरी चिकटवायची. जाडजूड झालेलं ते शेवटचं पान म्हणजे पुस्तकाची कमाई.

एका कार्डावर एक पुस्तक आणि एक मासिक. घरात वाचणारे चार, म्हणून पंधरा दिवस चौघांत वाटले जायचे: दुपारी आजी, संध्याकाळी पोरं, रात्री ओटा आवरून झाल्यावर आई. कुठलं पान कुणी मुडपलं ते सगळ्यांना ठाऊक. दिवाळी अंकांच्या योजनेत मुदत याहून आखूड. १९०९मध्ये काशिनाथ रघुनाथ मित्र यांनी ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला आणि पुढे अंक इतके वाढले की सगळे विकत घेणं कुठल्याच घराला शक्य राहिलं नाही. मग वाचनालयात एकरकमी पैसे भरायचे आणि दोन-तीन दिवसांनी अंक बदलायचा. असा अंक मिळाल्या रात्रीच उघडला जातो. विकत घेतलेला अंक टीपॉयवर फेब्रुवारीपर्यंत ओठ मिटून बसतो.

हे फक्त आपल्याच गावचं शहाणपण नाही. चार्ल्स एडवर्ड म्यूडी यांनी १८४२मध्ये लंडनमध्ये वर्गणीवर पुस्तकं द्यायला सुरुवात केली. वर्षाला एक गिनी भरा आणि एका वेळी एक खंड घरी न्या. नवी कादंबरी तीन खंडांत निघे आणि तिची किंमत दीड गिनी, म्हणजे विकत घेण्याचा प्रश्नच नाही. पहिला खंड परत केल्याशिवाय दुसरा हातात पडत नसे, त्यामुळे पहिल्या खंडाच्या शेवटी वाचकाला अडकवून ठेवणं ही लेखकाची गरज झाली. १८९४मध्ये म्यूडी आणि डब्ल्यू. एच. स्मिथ यांनी तीन खंडांना नकार दिला आणि पद्धत मोडली. तोवर अर्धं शतक इंग्रजी कादंबरीचा बांधा लेखकाइतकाच या देवघेवीने ठरवला होता.

आज इथे सार्वजनिक ग्रंथालय चालवणं हे कौन्सिलचं कायद्याने ठरलेलं काम आहे. १९६४चा कायदा तसं सांगतो आणि पुस्तक घरी न्यायला पैसे घेऊ देत नाही. महाराष्ट्राचा १९६७चा कायदा वेगळ्या वळणाचा: वाचनालय लोकांनी काढायचं, सरकारने अ, ब, क, ड असा दर्जा लावून अनुदान द्यायचं. इथे शिक्का आता बहुतेक ठिकाणी गेला, यंत्रातून पावती निघते. पण त्या नोंदीला रोख किंमत आहे. १९७९च्या कायद्यानुसार पुस्तक ग्रंथालयातून वाचायला गेलं की प्रत्येक वेळेमागे लेखकाच्या नावे काही पेन्स जमा होतात. काही ग्रंथालयं नमुन्यादाखल निवडून त्यांच्यावरून देशभराचा हिशोब बांधतात, आणि एका लेखकाला वर्षाला किती मिळावं याला वरची मर्यादा आहे, म्हणजे खपाऊ मंडळीच सगळी थैली नेत नाहीत. आपल्याकडे अशी सोय नाही. उद्धव शेळक्यांच्या ‘धग’ची (१९६०) एखादी प्रत वाचनालयातून शंभरदा गेली तरी लेखकाच्या वाट्याला त्या एकाच प्रतीचं मानधन. शिक्क्यांनी भरलेली चिठ्ठी आपण अभिमानाने दाखवतो, पण लेखकाला तिचा पैसाही मिळत नाही, हे बोलायला हवं.

इथलं सगळं आलबेल आहे असंही नाही. १९३२मध्ये स्थापन झालेल्या लंडनच्या महाराष्ट्र मंडळाची वास्तू डॉलिस हिलला, ब्रेंट या भागात. (तिथे ‘आम्ही वऱ्हाडातले’ म्हटलं की समोरचा लक्ष्मण देशपांड्यांच्या नाटकाचं नाव घेतल्याशिवाय राहत नाही. ते वऱ्हाड लग्नाचं, आपलं कापसाचं, हे समजावून सांगेपर्यंत चहा निवतो.) त्याच ब्रेंटच्या कौन्सिलने २०११मध्ये पैसे नाहीत म्हणून सहा ग्रंथालयं बंद केली. डॉलिस हिलच्या आजूबाजूची नीसडन आणि क्रिकलवूड त्यात होती, आणि १९००मध्ये मार्क ट्वेनच्या हस्ते उघडलेलं केन्सल राइजही. लोक कोर्टात गेले, हरले, आणि मग त्यांतली काही स्वयंसेवकांनी चालवायला घेतली. समिती, देणग्या, पदरमोड, छपराची गळती: हे वाचून अकोल्यातला एखादा कार्यवाह गालात हसेल. त्याचं आयुष्य यातच गेलंय.

परतीच्या तारखेच्या माझ्या म्हणण्यावर पहिला आक्षेप ठरलेला असतो: हे टंचाईचं कौतुक झालं. पैसे नव्हते म्हणून एकच पुस्तक मिळायचं, त्यात भूषण कसलं? निम्मं बरोबर. वऱ्हाडातल्या वाचनालयांची टंचाई मुळीच गोड नाही. अनुदान तुटपुंजं, कर्मचाऱ्यांचा पगार सांगायला लाज वाटावी असा, आणि कितीतरी ठिकाणी वाचनकक्षाची आता स्पर्धा परीक्षांची अभ्यासिका झालेली. पोरं आठ-आठ तास बसतात, पण कपाटातलं पुस्तक जागचं हलत नाही. त्यांना नावं ठेवण्यात अर्थ नाही, त्यांची मुदत वेगळ्याच तारखेला संपते. पण टंचाई आणि मुदत एक नव्हे. लंडनची ग्रंथालयं एका कार्डावर पिशवीभर पुस्तकं देतात, तरी परतीची तारीख असतेच. भरपूर असूनही तारीख, हाच माझा मुद्दा.

दुसरा आक्षेप जास्त अवघड. तारीख म्हणजे शेवटी दंडाची भीती, आणि भीतीने का कुणी वाचक होतो? शिकागोने २०१९मध्ये आणि न्यूयॉर्कने २०२१मध्ये ग्रंथालयांचा दंड साफ रद्द केला, तेव्हा वर्षानुवर्षं घरात दडवलेली पुस्तकं लोक आणून देऊ लागले. म्हणजे दंडाने पुस्तक परत येत नव्हतं, उलट माणूसच ग्रंथालयाकडे फिरकत नव्हता. मान्य. दंड जावा. पण दोन्ही शहरांनी दंड काढला, तारीख ठेवली. इथली लंडन लायब्ररी तर आणखी पुढे जाते. ब्रिटिश म्युझियममधून पुस्तक घरी नेता येत नाही या चिडीतून थॉमस कार्लाइलने पुढाकार घेतला आणि १८४१मध्ये ही वर्गणीची लायब्ररी उभी राहिली. तिथला सभासद दुसऱ्या कुणी मागेपर्यंत पुस्तक पुन्हा पुन्हा मुदत वाढवून ठेवू शकतो. मागणी आली की मात्र द्यायचं. मला हा नियम सगळ्यांत प्रामाणिक वाटतो, कारण शिक्क्यामागे कोण उभं असतं ते तो सांगून टाकतो. आपल्यानंतर वाचणारा उभा असतो. चिठ्ठीवरच्या आधीच्या तारखा म्हणजे आपल्याआधी वाचून गेलेले, आणि शेवटची तारीख म्हणजे दारात थांबलेला.

म्हणूनच फोनमधल्या मराठी पुस्तकांनी परदेशातला प्रश्न सुटलेला नाही. ‘स्टोरीटेल’ने २०१७पासून मराठी पुस्तकं कानावर घातली, त्याचा गुण मोठा आहे. डोळे थकलेल्यांना आणि पोळ्या लाटणाऱ्या हातांना दुसरा कुठला मार्ग आहे? पण उतरवून घेतलेल्या दोनशे फायलींमधली वाचून झालेली किती, हे प्रत्येकाने आपापल्या मनाला विचारावं. त्या फायली कुणीही परत मागणार नाही. गंमत अशी की इथली ग्रंथालयं ई-पुस्तकालाही मुदत लावतात. ते कपाटात जागा अडवत नाही, झिजत नाही, तरी प्रकाशकांच्या परवान्यामुळे मुदत भरली की पडद्यावरून आपोआप नाहीसं होतं आणि रांगेतल्या पुढच्याकडे जातं. नियम व्यापाराचा, पण त्यामुळे ते वाचलं तर जातं. फक्त पुढचा कोण ते कळत नाही, आणि त्याचं पान मुडपलेलं सापडत नाही.

कविता मात्र माझ्या म्हणण्यात बसत नाही, हे कबूल करतो. ज्ञानेश्वरी पंधरा दिवसांत वाचायची नसते, आणि अमरावतीत जन्मलेल्या सुरेश भटांचा संग्रह परत द्यायचा म्हणजे जिवावर येतं. दुसऱ्या-तिसऱ्या वाचनाची पुस्तकं घरचीच हवीत. पण परदेशातलं घरचं कपाट कसं भरतं तेही पाहा. बॅगेत वजन मोजून पुस्तकं यायची, म्हणून ‘चालणारं’ तेवढंच आणायचं: ‘मृत्युंजय’, ‘श्रीमान योगी’, पु. लं.ची दोन-तीन, वऱ्हाडातलं घर असेल तर ‘धग’. शेजारच्या मराठी घरात थोड्याफार फरकाने हीच यादी. दहा घरांतल्या शंभर प्रती मोजल्या तर पुस्तकं निघतात जेमतेम पंधरा. देवघेव नसली की माणूस विकतही एकसारखंच घेतो, कारण नवं पुस्तक घेण्यातली जोखीम एकट्याची असते. वाचनालयात ती जोखीम वाटली जाते. नाही आवडलं तर पंधरा दिवसांत पीडा टळते.

नाशिकच्या कुसुमाग्रज प्रतिष्ठानाची ‘ग्रंथ तुमच्या दारी’ ही योजना विनायक रानडे यांनी २००९मध्ये सुरू केली. तिच्या पेट्या पुढे दुबई, टोकियो, नेदरलँड्स अशा ठिकाणी पोचल्या, आणि तिथे त्या चालल्या याचं कारण मला तरी हेच दिसतं. पेटीत पुस्तकं मोजकी, २५च्या आसपास. एका गटाने वाचायची आणि काही महिन्यांनी दुसऱ्या गटाच्या पेटीशी बदलायची. पेटी ज्या घरी असेल तिथे लोकांनी यायचं, चहा व्हायचा, पुस्तक घेताना वहीत नाव लिहायचं. पेटी बदलायचा दिवस जवळ आला की पोह्यांच्या बशा बाजूला सारून उरलेली चाळीस पानं तिथेच बसून संपवणारे निघतात. हीच पुस्तकं त्या घराला भेट म्हणून दिली असती तर आज दिवाणखान्यात काचेआड असती.

तेव्हा या उन्हाळ्यात अमरावती-अकोल्याहून कुणी मुलाबाळांकडे इकडे येणार असेल, तर २३ किलोंच्या बॅगेत सांडग्या-पापडांच्या शेजारी चार पुस्तकं जरूर घाला. सगळ्यांकडे असतात ती नकोत. पहिल्या पानावर ‘सप्रेम भेट’ लिहू नका. शेवटच्या पानावर रेघा मारलेला एक कोरा कागद तेवढा डिंकाने चिकटवून आणा.