जुन्या चहाची पारख

पिंपरी-चिंचवडच्या व्यापारात चहाशिवाय बोलणी पुढे सरकत नाहीत. जैन घरांतून आल्याऐवजी सुंठ किंवा गवती चहा पडतो, एवढाच काय तो फरक. पाहुण्यापुढे कप ठेवण्याची रीत सर्वांची एकच. मात्र चाकणच्या पट्ट्यात विदेशी कारखाने आले आणि त्यांच्याबरोबर चहाच्या निराळ्या रीतीही आल्या. सानी या चिनी कंपनीचा अवजड यंत्रांचा कारखाना याच पट्ट्यात आहे. अशा ठिकाणी माल पुरवणाऱ्या व्यापाऱ्यापुढे कधीतरी दूध-साखरेविना, गडद तांबूस रंगाचा, पावसात भिजलेल्या मातीसारखा वास येणारा चहा येतो. त्याचे नाव पु-एर.

चिंचवडच्या एका व्यापारी कुटुंबात तो धाकट्या मुलाबरोबर आला. चाकणचे काम तोच पाहत असे. एका चिनी ग्राहकाने दिवाळीला त्याला कागदात गुंडाळलेली, भाकरीएवढी, दगडासारखी कठीण वडी भेट दिली. वजन ३५७ ग्रॅम. अशा सात वड्या एका गठ्ठ्यात बांधण्याची तिकडची जुनी पद्धत आहे. म्हणजे गठ्ठा सुमारे अडीच किलोचा.

मुलाने ग्राहकाच्या टेबलावर हा चहा अनेकदा घेतला होता; त्यामुळे कृती त्याला पाठ होती. वडीच्या कडेने बोथट सुरी घालून पाच-सात ग्रॅम पत्ती अखंड सुटी करायची. चुरा झाला तर चहा कडू होतो. शंभर मिलिलिटरच्या झाकणाच्या वाटीत ती घालून खळखळते पाणी ओतायचे आणि पहिले पाणी लगेच फेकून द्यायचे. त्याने धूळ जाते, पत्ती उमलते. मग दहा सेकंदांत पहिला चहा गाळायचा. पुढे प्रत्येक वेळी थोडा थोडा वेळ वाढवत त्याच पत्तीतून आठ-दहा वेळा चहा निघतो. पहिल्या घोटांत माती आणि जुने लाकूड जाणवते. तिसऱ्या-चौथ्या वेळी तुरटपणा मावळून खजुरासारखा मंद गोडवा उरतो. ही बैठक तासभर चालते. चौविहार पाळणाऱ्या घरात ती दुपारीच मांडावी लागते.

वडिलांचा पहिला प्रश्न व्यापाऱ्याला शोभणारा होता : “जितका जुना तितका महाग म्हणतोस, तर गोदामात ठेवला तर भाव वाढेल ना?” मुलाने चौकशी केली. चीनमध्ये असाच विचार करून पुष्कळांनी हा चहा साठवला होता. भाव चढत गेले आणि २००७ मध्ये कोसळले. ज्यांनी चढ्या भावात घेतला, त्यांच्या गोदामांत माल तसाच पडून राहिला. शिवाय वय नुसते लिहून भागत नाही. हवा खेळती हवी, ओल नको, मसाल्याचा किंवा अगरबत्तीचा वास जवळ नको. चाकणच्या पावसाळ्यात पत्र्याच्या शेडमध्ये ही काळजी कोण घेणार? वडिलांनी विषय सोडला.

आजीचा प्रश्न निराळा होता. वडी नाकाशी धरून तिने विचारले, “जुनी आहे म्हणून मी नको म्हणत नाही. पण ही कशाने बदलली, ते कळू दे.”

बाविस अभक्ष्यांत ‘चलितरस’ ऐकलेल्या घरात हा प्रश्न येणारच. ज्याचा रंग, वास, चव बदलली ते वर्ज्य. चातुर्मासात पापडालाही ओल लागली का, हे बोटाने तपासणारी ही पिढी. मुलगा दोन वर्षे हा चहा घेत होता. त्याला हे विचारावेसे वाटले नव्हते.

उत्तर असे मिळाले. पु-एर चीनच्या युन्नान प्रांतातला. त्याचे झाड मोठ्या पानाचे, आसामच्या चहाच्याच जातीचे. आपल्या नेहमीच्या काळ्या चहात पान हवेशी संयोग होऊन काळे पडते. तिथे बुरशीचे काम नसते. पु-एरचे मात्र दोन प्रकार आहेत. ‘शेंग’ म्हणजे कच्चा. तो वर्षानुवर्षे साठवणीत हळूहळू मुरतो आणि त्या मुरण्यात सूक्ष्मजीवांचाही वाटा असतो. ‘शोउ’ म्हणजे पिकवलेला. १९७३ पासून रूढ झालेल्या पद्धतीने पानांचे ढीग ओले करून झाकतात, उलथतात आणि दीड-दोन महिन्यांत ते उष्णतेने व बुरशीने पिकतात. भेट आलेली वडी दुसऱ्या प्रकारची होती.

बुरशीचा उपयोग या नगरीला नवा नाही. १९५४ मध्ये पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स उभी राहिली आणि पुढच्याच वर्षी तिथे बुरशीपासून पेनिसिलिन बनू लागले. मुलाने हा दाखला दिला, तेव्हा आजी म्हणाली, “ते औषध आहे बाळा. हा चहा तर आवडीचा आहे. आवडीसाठी किती जीवांचा विचार सोडायचा, हे ज्याचे त्याने ठरवावे. मी घेणार नाही.” तिने मुलाला मनाई केली नाही. त्यामुळेच त्याला ठरवणे अवघड गेले.

घरी घेणे सोडणे सोपे होते. ग्राहकाच्या टेबलावर नाही म्हणणे कठीण. मोठी मागणी हातात होती. पाहुणचार नाकारला असे वाटले तर? वडिलांनी सुचवले की तब्येतीचे कारण सांगावे. मुलाने ते ऐकले नाही. पुढच्या भेटीत त्याने चहा स्वतः करून सर्वांना दिला आणि स्वतःच्या कपात नुसते गरम पाणी घेतले. विचारल्यावर त्याने घरचा नियम आणि त्यामागचे कारण दोन वाक्यांत सांगितले. ग्राहक क्षणभर गप्प राहिला. मग त्याने वडी कोणत्या साली पिकवली, कुठे साठवली, हे सविस्तर सांगायला सुरुवात केली. इतके कोणी विचारतच नाही, असे तो म्हणाला.

मागणी पुढे मिळाली. पण दरात सवलत काही मिळाली नाही. वडी त्या मुलाने कारखान्यातल्या एका चहाप्रेमी अभियंत्याला, ती कशी बनते हे सांगून, देऊन टाकली. घरी आता ग्राहक आला की सुंठीचा चहा होतो. आजी तो स्वतः उकळते, आणि त्यात काय काय घातले आहे, हे पाहुण्याला न विचारता सांगते.