नऊ मिनिटं

बरेच दिवस इथे काही खरडलं नव्हतं. परवा कपाट आवरताना छातीवर लावायचा जुना नंबर सापडला. त्यात मावशीचा फोन : "अरे, ती जपानमधली शर्यत तू पुरी केलीस का रे?" तर मावशी, नाही. इतकी वर्षं विषय बदलत आलो, आज लिहूनच टाकतो.

शर्यत इझू द्वीपकल्पातली, डिसेंबर 2018 ची. मात्सुझाकीच्या बंदरावरून पहाटे निघायचं आणि डोंगरमाथ्यांवरून साधारण 70 किलोमीटर पळत शुझेन्जीला पोचायचं. सगळा मुलूख ज्वालामुखींनी घडवलेला, त्यामुळे गरम पाण्याचे झरे जागोजागी. शुझेन्जी त्यातलंच एक जुनं गाव. मी तेव्हा नोकरीसाठी टोकियोत होतो. दीड वर्ष तयारी केली. तेवढ्या काळात बाबांनी दोनदा विचारलं, "थंडीत येतोस का? वज्रेश्वरीला जाऊन येऊ." त्यांचे गुडघे धरले होते, अकलोलीच्या कुंडात बसलं की बरं वाटायचं. दोन्ही वेळा मी म्हटलं, "शर्यत होऊ दे, मग नक्की."

पहिले काही तास मजेत गेले. बुटक्या बांबूंच्या रानातून वाट, खाली सुरुगाचा उपसागर, आणि पलीकडे कॅलेंडरवर असतो तस्साच फुजी. मग एका उतारावर माझाही गुडघा बोलू लागला. खिंडीतल्या नाक्यावर पोचलो तेव्हा वेळ संपून नऊ मिनिटं झाली होती. आजोबांच्या वयाच्या एका स्वयंसेवकाने वाकून "ओत्सुकारेसामा" म्हटलं, म्हणजे आपलं 'दमलात हो', आणि हातात गरम सूप दिलं. हुज्जत घालायची सोयच नव्हती.

शुझेन्जीला पोचलो तो बसने. लंगडत नदीवर गेलो. तिथे पात्रातच खडकावर 'तोक्को-नो-यु' नावाचा झरा आहे. गोष्ट अशी सांगतात की 807 साली कूकाई हा बौद्ध भिक्षू इथे आला. एक मुलगा गारढोण नदीत आजारी बापाला अंघोळ घालत होता. ते बघून कूकाईने तोक्कोने खडक फोडला आणि गरम पाणी उसळलं. तोक्को म्हणजे एका टोकाचं वज्र. आपलंच वज्र, धर्माबरोबर तिथवर गेलेलं.

वज्र म्हटल्यावर वज्रेश्वरी आठवणारच. जवळच्या कुंडात पाय सोडून बसलो आणि तो मुलगा काही डोक्यातून जाईना. चमत्कार कूकाईचा खरा, पण पोरगा त्याची वाट बघत थांबला नव्हता. होतं त्या गार पाण्यातच त्याने बापाला न्हाऊ घातलं होतं. आणि मी 'शर्यत होऊ दे'!

फेब्रुवारीत रजा काढून आलो. अकलोलीला बाबांना कुंडाच्या पायऱ्या उतरवेनात. मग वरच बसवलं आणि तांब्याने गुडघ्यांवर पाणी घालत राहिलो. ते डोळे मिटून होते. मध्येच म्हणाले, "शर्यतीचं काय झालं?"

"नऊ मिनिटं उशीर झाला."

"मग फार नाही झाला," बाबा म्हणाले. "घाल अजून थोडं."

त्याच पावसाळ्यात ते गेले, तुम्हा सगळ्यांना माहीतच आहे. असो. नंबर पुन्हा कपाटात ठेवलाय.